दोन संगणकांमधील थेट तारजोडणी : घरच्या जुन्या संगणकातील अभ्याससामग्रीच्या स्थलांतरासंदर्भात

बीजशब्द : क्रॉस केबल, इथरनेट, आयपी पत्ता, फाईल शेअरिंग, एफटीपी, पूर्व-युनिकोड मराठी फॉन्ट

प्रस्तावना :

गेल्या शतकाच्या अखेरीस आणि २००० नंतरच्या दशकात महाविद्यालयीन अध्यापकांच्या घरी पहिला संगणक आला. त्यावर प्रबंध टंकलिखित झाले, प्रश्नपत्रिका तयार झाल्या, मोडी कागदपत्रांची स्कॅन केलेली चित्रे साठविली गेली, क्षेत्रभेटीत ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती व लोकगीते उतरविली गेली. पुढे लॅपटॉप आला आणि हा पहिला संगणक खोलीच्या कोपऱ्यात कापडाखाली गेला. तो पुष्कळदा अजून सुरू होतो. मात्र त्याची हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे व ते कोणत्या दिवशी बंद पडेल, याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही. त्यातील सामग्रीची दुसरी प्रत अनेकदा अस्तित्वातच नसते.

ही सामग्री नव्या संगणकावर कशी न्यावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रथमदर्शनी हा प्रश्न किरकोळ वाटतो. तथापि नेहमीचे तिन्ही मार्ग येथे अडखळतात. पहिला मार्ग इंटरनेटचा. विंडोज एक्सपी या कार्यप्रणालीस मायक्रोसॉफ्टने पुरविलेले सुरक्षा-सहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. असा संगणक महाजालास जोडणे धोक्याचे आहे, आणि आजची बहुसंख्य संकेतस्थळे त्यावरील जुन्या ब्राउझरमध्ये उघडतही नाहीत. दुसरा मार्ग पेनड्राइव्हचा. २००१-०२ पूर्वीच्या संगणकातील यूएसबी प्रायः पहिल्या पिढीचे, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट वेगाचे असते. प्रत्येक फाईल दोनदा नकलावी लागते. फॅट-३२ पद्धतीने सिद्ध केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल मावत नाही. तिसरा मार्ग दुरुस्तीच्या दुकानाचा. तेथे आपण संपूर्ण हार्ड डिस्क परक्या हाती देतो. तिच्यात विद्यार्थ्यांची माहिती असते, जुन्या परीक्षांची कामे असतात, आणि ज्या निवेदकांना आपण गोपनीयतेचे वचन दिले त्यांच्या मुलाखती असतात. ते वचन दुकानदाराने दिलेले नाही, आपण दिलेले आहे.

उरतो तो चौथा मार्ग : दोन संगणक एका तारेने समोरासमोर जोडणे. या तारेला दोनच टोके असतात व दोन्ही आपल्या टेबलावर असतात. मात्र ‘तार लावली, पण काही होत नाही’ ही तक्रार सार्वत्रिक आहे. तिचे कारण असे की, जोडणी ही एक गोष्ट नसून एकमेकींवर रचलेल्या तीन गोष्टी आहेत : तार, पत्ता आणि परवानगी. यांपैकी कोणती अडली हे ओळखता आले की संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या अध्यापकासही हे काम स्वतः करता येते. लेखातील विवेचनास प्रस्तुत लेखकाने एका निवृत्त सहकाऱ्यांच्या घरी केलेल्या अशाच एका स्थलांतराचा आधार आहे. त्यांच्या संगणकात जात्यावरच्या ओव्यांचे सुमारे वीस तासांचे ध्वनिमुद्रण आणि त्या ओव्यांची टंकलिखिते होती.

तारेचा पूर्वेतिहास :

इथरनेट घरोघरी येण्यापूर्वीही संगणक तारेने जोडले जात. प्रत्येक संगणकाच्या पाठीमागे सीरियल पोर्ट असे. मूळची ही सोय मोडेमसाठी होती. दोन संगणकांमधून मोडेम काढून टाकावयाचा तर एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेस जोडली पाहिजे. सरळ तार लावली तर दोघेही एकाच तारेवर बोलतात आणि दुसऱ्या तारेवर दोघेही कान लावून बसतात. म्हणून या दोन तारा एका टोकाशी अदलाबदल केलेली केबल वापरीत. तिला ‘नल मोडेम’ केबल म्हणत. ही अदलाबदल हेच थेट जोडणीचे मर्म असून पुढे इथरनेटमध्येही ते कायम राहिले.

सीरियल जोडणीचा नेहमीचा कमाल वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांसोबत आरंभाचा एक व शेवटचा एक असे दोन बिट जात असल्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला ११,५२० बाइट पोहोचतात. १.४४ एमबी क्षमतेची संपूर्ण फ्लॉपी यातून सव्वादोन मिनिटांच्या आत जाई, आणि त्या काळी तेवढे पुरेसे होते. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमधून एका वेळी चार बिट पाठविणारी केबल याहून बरीच वेगवान होती. एमएस-डॉस ६.० (१९९३) मध्ये ‘इंटरलिंक’ आणि ‘इंटरसर्व्हर’ या आज्ञावली याच कामासाठी दिलेल्या होत्या. विंडोज ९५ मध्ये ‘डायरेक्ट केबल कनेक्शन’ ही सोय आली, एक्सपीपर्यंत टिकली आणि व्हिस्टामध्ये वगळली गेली.

आज या तारांचा उपयोग का नाही, हे एका गणिताने स्पष्ट होते. सीडीच्या गुणवत्तेचे दुहेरी ध्वनिमुद्रण (सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन वाहिन्या) सेकंदाला १,७६,४०० बाइट जागा घेते. म्हणजे तासाला सुमारे ६३५ एमबी आणि वीस तासांस सुमारे १२.७ जीबी. हेच ध्वनिमुद्रण सीरियल केबलने पाठवू गेल्यास अहोरात्र साडेबारा दिवसांहून अधिक काळ लागेल. १०० मेगाबिटच्या इथरनेटवर, प्रत्यक्ष वेग सेकंदाला १० एमबी धरला तरी, ते एकवीस-बावीस मिनिटांत पूर्ण होते.

इथरनेटची तार :

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मांडली. आज आपण वापरतो ती, टेलिफोनसारखी टोके असलेली, पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्यांची केबल १९९० च्या १०बेस-टी या मानकापासून रूढ झाली. १०० मेगाबिटचे मानक १९९५ मध्ये आणि याच प्रकारच्या तारेवरील गिगाबिटचे १९९९ मध्ये आले. केबलची कमाल लांबी १०० मीटर. घरात हा प्रश्न उद्भवत नाही.

आरजे-४५ या टोकात आठ पिना असतात. १० आणि १०० मेगाबिटच्या जोडणीत संगणक १ व २ क्रमांकाच्या पिनांवरून पाठवितो आणि ३ व ६ वरून स्वीकारतो. इतर चार रिकाम्या राहतात. स्विच किंवा राउटर याच्या उलट वागतो. म्हणून संगणक ते स्विच ही तार सरळ चालते, परंतु संगणक ते संगणक जोडताना १-२ ही जोडी ३-६ शी अदलाबदल करावी लागते. अशी तार म्हणजे ‘क्रॉस केबल’. हाती असलेली केबल कोणत्या प्रकारची आहे हे डोळ्यांनी ओळखता येते. दोन्ही टोके शेजारी, खिट्टी खाली येईल अशी धरावीत व पारदर्शक प्लास्टिकमधून डावीकडून रंग वाचावेत. बी-पद्धतीत क्रम असा असतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए-पद्धतीत नारिंगी व हिरव्या जोड्यांनी जागा बदललेल्या असतात. दोन्ही टोके सारखी असतील तर केबल सरळ. एक ए व दुसरे बी असेल तर क्रॉस.

ही चिंता आता बहुतांशी सरली आहे. समोरची तार कशी आहे ते ओळखून आतल्या आत अदलाबदल करणारी ‘ऑटो एमडीआय-एक्स’ ही सोय १९९८ च्या सुमारास पुढे आली आणि गिगाबिटच्या उपकरणांत ती जवळपास सर्वत्र असते. दोहोंपैकी एका संगणकात जरी ती असली तरी साधी सरळ केबल चालते. जुना संगणक २००३ चा आणि लॅपटॉप अलीकडचा असेल तर क्रॉस केबल शोधत बाजारात हिंडण्याचे कारण नाही. दोन्ही संगणक जुने असतील तरच ती आवश्यक ठरते. केबल बसविल्यावर पोर्टजवळचा दिवा लागला म्हणजे तारेचे काम झाले. दिवा न लागल्यास पत्ते, पासवर्ड यांत वेळ दवडू नये. दोष तारेत, पोर्टात किंवा नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आहे.

अलीकडच्या पातळ लॅपटॉपांना आरजे-४५ चे छिद्रच नसते. त्यासाठी यूएसबीतून इथरनेट देणारा अडॅप्टर मिळतो व तो समाधानकारक चालतो. मात्र दोन संगणकांच्या यूएसबी छिद्रांत दोन्ही बाजूंना सारखीच चपटी टोके असलेली साधी तार कधीही लावू नये. पारंपरिक यूएसबीमध्ये एक यजमान व दुसरा पाहुणा अशी रचना असते. दोन यजमान समोरासमोर आले तर संभाषण होत नाहीच, शिवाय दोघेही ५ व्होल्टचा पुरवठा एकमेकांवर लोटतात व पोर्ट जळण्याचा संभव असतो. यूएसबीने फाईल पाठविण्याच्या खास केबली मिळतात, त्यांच्या मध्यभागी एक इलेक्ट्रॉनिक तुकडा असतो आणि तोच दोघांचाही पाहुणा होतो.

इथरनेटच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, जो क्वचितच सांगितला जातो. जुन्या घरांत दोन खोल्यांतील अर्थिंग सारखे असेलच असे नाही; पुष्कळ ठिकाणी ते नावापुरते असते. सीरियल, पॅरलल वा यूएसबी केबलने दोन्ही संगणकांच्या अर्थिंगच्या तारा थेट एकत्र येतात. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टात मात्र लहानसे ट्रान्सफॉर्मर असतात आणि संदेश त्यांतून चुंबकीय मार्गाने जातो. त्यामुळे धातूचे आवरण नसलेली साधी यूटीपी केबल वापरली असता दोन्ही संगणक विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून अलग राहतात. पाठीमागच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येणाऱ्या जुन्या संगणकाबाबत ही गोष्ट गौण नाही. अर्थात त्या झिणझिण्यांचा बंदोबस्त आधी वीजतंत्रीकडून करून घेणे हेच उचित.

पत्ता :

राउटरला जोडलेल्या संगणकास राउटर पत्ता देतो. येथे मध्ये कोणीच नसल्याने पत्ता देणाराही कोणी नाही. अशा वेळी विंडोज काही काळ वाट पाहते आणि मग १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच घेते. ही पद्धत विंडोज ९८ पासून आहे. दोन्ही संगणकांनी असे पत्ते घेतले की ते परस्परांशी बोलू शकतात. गंमत अशी की, नेमक्या याच वेळी एक्सपीच्या पडद्यावर पिवळा त्रिकोण व ‘लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी’ हा इशारा उमटतो आणि अनेक जण तेथेच धीर सोडून तार काढतात. इशाऱ्याचा अर्थ इतकाच की इंटरनेटकडे जाणारी वाट नाही. ती आपल्याला नकोच आहे.

तरीही पत्ते स्वतः नेमून देणे अधिक निश्चित होय. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या १९२.१६८ या मालिकेतील पत्ते घ्यावेत. घरच्या वायफायने बहुधा १९२.१६८.० वा १९२.१६८.१ ही मालिका आधीच घेतलेली असते. घोटाळा टळावा म्हणून तिसराच आकडा निवडावा, उदाहरणार्थ जुन्या संगणकास १९२.१६८.७७.१ व नव्यास १९२.१६८.७७.२. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे व डीएनएस यांचे रकाने रिकामे सोडावेत.

यानंतर जुन्या संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ ही आज्ञा नव्याच्या पत्त्यासह द्यावी. उत्तर आले तर पत्त्याचे काम संपले. उत्तर आले नाही तर मात्र जोडणी नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये, कारण एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची फायरवॉल आपोआप सुरू असते आणि ती पिंगला मौनाने उत्तर देते. खरी परीक्षा त्याच्या पुढची आहे. पिंग दिल्यावर लगेच ‘एआरपी’ ही आज्ञा ‘-ए’ या पर्यायासह द्यावी. तिच्या यादीत समोरच्या पत्त्यापुढे त्याच्या नेटवर्क कार्डाचा बारा अंकाक्षरांचा क्रमांक दिसला, तर तार आणि पत्ता दोन्ही निर्दोष असून अडवणूक फायरवॉलची आहे. हा क्रमांक विचारणारा संदेश फायरवॉल सहसा अडवीत नाही. या एका आज्ञेने तासभराची शोधाशोध वाचते.

परवानगी :

इथवर सर्व सुरळीत होऊनही बहुतेक प्रयत्न फसतात ते या पायरीवर, आणि त्याचे कारण तांत्रिक असण्यापेक्षा ऐतिहासिक आहे.

विंडोजमध्ये फोल्डर ‘शेअर’ करण्याची पद्धत एसएमबी नावाच्या नियमावलीवर चालते. तिचा उगम १९८० च्या दशकातील आयबीएमच्या कामात आहे. एक्सपीला तिची पहिलीच आवृत्ती समजते; दुसरी आवृत्ती व्हिस्टासोबत आली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरातील संगणक कुलूपबंद केले, त्यांत ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयेही होती. ती पसरली ती एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या हाताळणीतील एका दोषातून. मायक्रोसॉफ्टने या दोषावरील दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच प्रसृत केली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती मूळ स्थितीत बसविलीच जात नाही, आणि विंडोज ११ मध्ये तपासण्या आणखी कडक झाल्या. परिणामी एक्सपी व आजचा संगणक एकाच तारेवर शेजारी असूनही त्यांना सामाईक भाषा उरलेली नाही. नवा संगणक ‘जाळ्यातील मार्ग सापडला नाही’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणतो, आणि वापरणारा बिचारा पुन्हा केबल तपासू लागतो.

यावर ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. वायफाय बंद ठेवून, काम होताच ती पुन्हा काढून टाकण्याच्या अटीवर हे करता येते. परंतु ती अट पाळली जात नाही, हा अनुभव आहे. शिवाय जुन्या संगणकात २००८ च्या अखेरीस पसरलेल्या ‘कॉन्फिकर’सारखा एखादा किडा निपचित असू शकतो व असे किडे याच वाटेने पुढे सरकतात. दोन्ही बाजूंची भाषा जाणणारा विंडोज ७ चा संगणक मध्यस्थ म्हणून मिळाल्यास प्रश्न सुटतो, पण तो प्रत्येकाकडे कुठून असणार?

प्रस्तुत लेखकास त्याहून जुना मार्ग अधिक बरा वाटतो. एफटीपी ही फाईल पाठविण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून चालत आलेली आहे आणि एक्सपीत तिची आज्ञा मुळातच अंतर्भूत आहे. नव्या संगणकावर फाईलझिला सर्व्हरसारखी विनामूल्य आज्ञावली बसवावी, तीत एक वापरकर्ता व पासवर्ड निर्माण करावा आणि एक रिकामे फोल्डर त्याच्या स्वाधीन करावे. तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. विंडोज अशा तारेला ‘अनोळखी’, म्हणून ‘सार्वजनिक’ जाळे समजते. तेव्हा फायरवॉलमध्ये सर्व्हरला सार्वजनिक जाळ्यावरही मुभा द्यावी लागते व काम झाल्यावर ती काढून घ्यावी. जुन्या संगणकाला आजची सांकेतिक जोडणी जमत नसल्याने साधी, उघडी एफटीपी जोडणी स्वीकारण्यास सर्व्हरला सांगावे लागते. इंटरनेटवर हे अक्षम्य ठरेल. येथे तार आपल्याच टेबलावर असल्याने चालते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फाईल पाठविण्यापूर्वी ‘बायनरी’ ही आज्ञा देणे. विंडोजची एफटीपी मुळात प्रत्येक फाईल साधा मजकूर आहे असे गृहीत धरते, आणि मग चित्रे व ध्वनिफिती पोहोचतात त्या बिघडलेल्या अवस्थेत.

मराठी नावे व फाईलींच्या तारखा :

एफटीपीच्या मार्गात मराठी वापरणाऱ्यास दोन अडचणी येतात. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय झाली व अनेकांनी फाईलींना मराठी नावे दिली. एक्सपीची एफटीपी आज्ञा मात्र जुन्या संकेतसारण्यांवर चालते, आणि त्या सारण्यांत देवनागरीला स्थानच नव्हते. त्यामुळे ‘ओव्या-माहेर’ आणि ‘ओव्या-भाऊराया’ या दोन्ही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. दुसरे असे की, या मार्गाने गेलेल्या फाईलीवर मूळची तारीख राहत नाही, पाठविण्याच्या दिवसाची पडते. ज्याला कोणत्या गावी कोणत्या दिवशी मुद्रण केले हे फाईलीच्या तारखेवरूनच सांगता येते, त्याच्या दृष्टीने ही हानी खरी आहे.

दोन्हींवर उपाय एकच : फाईली सुट्या न पाठविता एका गठ्ठ्यात बांधाव्यात. एक्सपीची स्वतःची झिपची सोय येथे कुचकामी आहे, कारण देवनागरी नावांपुढे तीही अडते. ७-झिप ही विनामूल्य आज्ञावली एक्सपीवर चालते व तिच्या ‘७झेड’ प्रकारच्या गठ्ठ्यात नावे युनिकोडमध्ये, तारखांसह सुरक्षित राहतात. ती जुन्या संगणकावर नेण्यासाठी पेनड्राइव्हचीही गरज नाही. नव्यावर उतरवून घेऊन एफटीपीच्या ‘गेट’ आज्ञेने त्याच तारेवरून आणता येते. गठ्ठा बांधताना ‘स्टोअर’ हा, म्हणजे न दाबता नुसता साठविण्याचा पर्याय निवडावा. ध्वनिमुद्रणे दाबण्यात जुन्या प्रोसेसरचे तास जातात. जुन्या डिस्कवर गठ्ठ्याइतकी रिकामी जागा लागते. ती नसेल तर एकेक फोल्डर घ्यावे.

गठ्ठ्याचा आणखी एक लाभ आहे. ७-झिप प्रत्येक फाईलीची एक पडताळणी-संख्या आत नोंदवून ठेवते. नव्या संगणकावर गठ्ठा पोहोचल्यावर ‘टेस्ट’ ही आज्ञा दिली की मध्येच वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेला किंवा वाटेत बिघडलेला भाग लगेच उघड होतो. नुसती फाईलींची संख्या जुळणे ही पडताळणी नव्हे.

जाता जाता एक किरकोळ पण फसवी बाब. फार काळ बंद असलेल्या संगणकाच्या मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपलेली असते व संगणक सुरू होताच त्याचे घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असते. जुन्या फाईलींच्या तारखा त्याने बदलत नाहीत, पण आपण त्या दिवशी बांधलेल्या गठ्ठ्यावर व नव्या प्रतींवर चुकीची तारीख पडते. प्रथम घड्याळ लावावे.

संगणक सुरूच होत नसेल, तर अर्थातच तारजोडणी निरुपयोगी आहे. मग हार्ड डिस्क काढून, आयडीई किंवा साटा प्रकारच्या अडॅप्टरने ती नव्या संगणकास यूएसबीमार्गे जोडणे एवढाच मार्ग राहतो. तो वेगवानही आहे. परंतु ज्या संगणकात मराठी टंकलेखन झाले आहे, तो चालू अवस्थेत असणे का मोलाचे, हे पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

पोहोचलेले वाचता येणे :

फाईल पोहोचली म्हणजे मजकूर पोहोचला, हे इंग्रजीपुरते खरे. युनिकोडपूर्व मराठी टंकलेखनात देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेतांक नव्हते. श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममधील डीव्हीबी फॉन्ट या सर्वांत रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरी वळणे बसविलेली असत, आणि तीही प्रत्येकात वेगळ्या क्रमाने. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली इस्की हे सामाईक मानक जाहीर केले होते. फॉन्टच्या रचना मात्र निरनिराळ्याच राहिल्या. तेव्हा अशा फाईलीत प्रत्यक्षात साठविलेले असते ते रोमन चिन्हांचे कडबोळे. त्याला मराठी करतो तो फॉन्ट. तो नव्या संगणकावर नसेल तर ओव्यांच्या जागी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात.

यास्तव दस्तऐवजांबरोबर जुन्या संगणकातील विंडोज फोल्डरातले ‘फॉन्ट्स’ हे उपफोल्डरही गठ्ठ्यात बांधून आणणे अत्यावश्यक आहे. कोणता फॉन्ट कोणत्या फाईलीत वापरला याची आठवण वीस वर्षांनी कोणालाच नसते; सर्वच आणावेत. पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत, पण त्यांचे काम डोळे मिटून स्वीकारू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होई, कारण ती आधी दिसते. रफार अक्षरानंतर टंकित होई, कारण तो वर, शेवटी दिसतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चारानुसार आहे. रूपांतरात हमखास चुकतात ती हीच स्थाने, आणि बोलीतील रूपे जशीच्या तशी टिपलेल्या संहितेत तर चूक कोणती व बोली कोणती हेही पुढच्या अभ्यासकास कळणार नाही. म्हणून मूळ फाईल कधीही पुसू नये व रूपांतरित प्रत वेगळ्या नावाने ठेवावी.

काही टंकलेखन-प्रणालींना डोंगल, म्हणजे पाठीमागच्या पोर्टात बसवावयाची परवान्याची चावी लागे. पॅरलल पोर्टातील डोंगल नव्या लॅपटॉपला लावण्यास जागाच नाही. अशा प्रणालीतील मजकूर दिसेल तो फक्त जुन्याच संगणकावर. तेथे एखादी पीडीएफ बनविणारी जुनी आज्ञावली बसवून, महत्त्वाच्या दस्तऐवजांची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ तयार करावी व तीही तारेवरून आणावी. तिच्यातील शब्द शोधता येणार नाहीत, परंतु पान जसे दिसत होते तसे कायम राहील आणि रूपांतरित युनिकोड प्रत त्याच्याशी ओळीने ताडून पाहता येईल.

वर उल्लेखिलेल्या सहकाऱ्यांच्या घरी ध्वनिमुद्रणे अर्ध्या तासात आली, गठ्ठा तपासणीत निर्दोष ठरला आणि चहा झाल्यावर जुना संगणक भंगारवाल्याकडे देण्याचा विषय निघाला. तेवढ्यात त्यांनी सहज म्हणून टंकलिखितांपैकी एक फाईल लॅपटॉपवर उघडली. पडद्यावर ओवीचे एकही अक्षर नव्हते. ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर आम्ही आणलेच नव्हते. केबल अजून दोन्ही पोर्टांत होती. त्या फोल्डराचा गठ्ठा यायला एक मिनिटही लागले नाही, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंतचा वेळ आम्ही एकेका फाईलीचे पहिले पान दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी उघडून पाहण्यात घालविला. दोन फॉन्ट तरीही जुळले नाहीत. त्यांच्या फाईलींच्या पीडीएफ जुन्या संगणकावरच कराव्या लागल्या. तो संगणक अद्याप त्यांच्या घरी, त्याच कोपऱ्यात आहे.